साठवलेला पेंढा दरवर्षी तापतो, काळा पडतो, कुबट होतो : कारण कसे शोधावे आणि काय करावे

गहू, भात, जव किंवा ओट यांची मळणी झाल्यावर उरलेला पेंढा हाताला वाळलेला लागतो, गठ्ठे बांधून किंवा मोकळाच रचून ठेवला जातो, वरून ताडपत्री ओढली जाते आणि दोन-तीन महिन्यांनी गंजी फोडल्यावर आतून तपकिरी, भुकटी उडणारा, जनावरे तोंड न लावणारा पेंढा निघतो. एखाद्या वर्षी असे झाले तर हवामानाकडे बोट दाखवून पुढे जाता येते. मात्र हेच दरवर्षी घडत असेल, तर त्यामागे काहीतरी ठरावीक कारण असते आणि ते शोधून काढता येते. बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून नवी, जाड ताडपत्री घेतली जाते आणि पुढच्या वर्षी नुकसान होते तितकेच होते, कारण ताडपत्री पावसाचे पाणी अडवते, पण पेंढ्याबरोबर आत गेलेले पाणी तीच आत कोंडून ठेवते. पाणी गंजीत कोणत्या वाटेने आले हे आधी ठरवावे आणि मगच खर्च करावा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. आणि ही वाट बहुतेक वेळा शेतापासूनच सुरू होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खराबी कुठे आहे ते पाहावे

गंजी फोडताना चांगला पेंढा एकीकडे आणि नासलेला दुसरीकडे टाकण्याची घाई होते, आणि त्या घाईत कारणाचा पुरावाच विस्कटून जातो. त्याऐवजी गंजीचा एक भाग वरपासून तळापर्यंत सरळ उभा कापावा आणि उघडी पडलेली बाजू नीट न्याहाळावी. कोणता थर काळा आहे, कोणता तपकिरी, पांढरी भुकटी कुठे आहे, ओल कुठे संपते, हे लिहून ठेवावे किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे.

तळाचे एक-दोन थर काळे, चिकट आणि जड झालेले असतील, ओल वर जाताना कमी होत असेल आणि त्यावरचा सगळा पेंढा स्वच्छ असेल, तर पाणी जमिनीतून आले आहे. ही खराबी सिमेंटच्या कोब्यावरही होते, कारण कोबा खालची ओल वर ओढतो आणि रात्री गार पडल्यावर त्याच्या पृष्ठभागावर बाष्पही साचते. बाजूंचा चार-सहा बोटे जाडीचा थर करडा पडला असेल, तर ते पावसाच्या शिंतोड्यांचे आणि उन्हाचे काम आहे. त्याच्या आतला पेंढा सहसा चांगला असतो आणि त्यासाठी फार काही करण्याची गरज नसते. वरून खाली उतरत गेलेला अरुंद, ओला पट्टा दिसला, तर आच्छादनाला त्या ठिकाणी भोक आहे किंवा गंजीच्या माथ्यावर खळगा पडून तिथे पाणी साचते आहे.

माथ्याचा थर ओला आहे, पण ताडपत्री शाबूत आहे, असे आढळल्यास थोडा विचार करावा लागतो. अशा वेळी गंजीचा मध्य पाहावा. मध्य तपकिरी आणि उबदार असेल, तर आतल्या उष्णतेने निघालेली वाफ वर जाऊन थंड थरात पुन्हा पाणी झाली आहे. म्हणजे माथ्याची ओल हा परिणाम आहे, कारण खाली आहे. मध्य पिवळा आणि स्वच्छ असेल, तर दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या ताडपत्रीच्या आतल्या बाजूला बाष्प साचून थेंब पडत आहेत आणि दोष आच्छादनाच्या पद्धतीत आहे.

मध्यच खराब असेल आणि तळ, बाजू, माथा त्यामानाने बरे असतील, तर पेंढा रचतानाच ओला होता. यात शंकेला फारशी जागा नसते. खराब गठ्ठे गंजीभर विखुरलेले आढळले, तर शेताचे काही भाग ओले होते : सखल कोपरा, झाडाची सावली पडणारा बांधालगतचा पट्टा, तणाने भरलेली जागा किंवा सकाळी दव असताना बांधलेले पहिले गठ्ठे.

रंग आणि वासही बरेच सांगतात. तंबाखूसारखा तपकिरी रंग आणि करपलेल्या साखरेचा गोडसर वास म्हणजे पेंढा बराच तापून गेला आहे. झटकल्यावर उडणारी पांढरी किंवा करडी भुकटी म्हणजे बुरशी आणि उष्णता सहन करणाऱ्या ॲक्टिनोमायसीट्स या जिवाणूंची वाढ. काळा, बुळबुळीत पेंढा म्हणजे पाणी साचून हवा मिळेनाशी झाली. मात्र काडीवर बारीक काळे ठिपके असून काडी टणक असेल आणि कुबट वास येत नसेल, तर ती खराबी साठवणीतली नसते. पिकून उभ्या असलेल्या किंवा कापून पडलेल्या पिकावर पाऊस झाला की काडीवर वाढणाऱ्या बुरश्यांचे ते डाग असतात, आणि त्यासाठी गंजीची रचना बदलून काहीही साधत नाही.

पेंढा तापतो कसा

पेंढ्यावर बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू शेतातूनच आलेले असतात. त्यांना फक्त पाणी हवे असते. काड्यांमधल्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या खाली राहिली, तर ते स्वस्थ पडून राहतात. पेंढ्यातला ओलावा एकूण वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर हवा तेवढी कोरडी राहते. ओलावा २० टक्क्यांच्या पुढे गेला की वाढ सुरू होते आणि वाढीबरोबर उष्णता.

इथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला पाणी पुरवते. काडीतल्या सेल्युलोजचे सूक्ष्मजीवांकडून पूर्ण विघटन झाले, तर दर किलोमागे अर्ध्या लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी आणि सुमारे १७ मेगाज्यूल उष्णता तयार होते. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ मेगाज्यूल पुरतात, म्हणजे गंजी ती उष्णता वापरून स्वतःच वाळू शकते. आणि वाफेला वाट मिळाली, तर सैल रचलेल्या लहान गंजीत तसे घडतेही. मोठ्या, घट्ट गंजीत मात्र मधली वाफ बाहेर पडत नाही. शिवाय पेंढा उष्णता फार हळू वाहून नेतो, त्यामुळे पारा चढत राहतो.

४० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत नेहमीच्या बुरश्या काम करतात, त्यापुढे उष्णता सोसणारे सूक्ष्मजीव ताबा घेतात आणि तापमान ६५ ते ७० अंशांपर्यंत नेतात. त्यानंतर तेही मरतात, पण तोवर हवेतल्या प्राणवायूशी होणारी रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि तिला सूक्ष्मजीवांची गरज नसते. गंजी आपोआप पेट घेते ती या वाटेने, बहुधा रचल्यापासून दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान. वाळलेल्या गवताच्या मानाने धान्याच्या पेंढ्यात साखर कमी असल्यामुळे हा धोका कमी असतो. तरी पेंढ्यात हिरवे तण, न पिकलेले फुटवे किंवा न झडलेले दाणे मिसळलेले असतील, तर तो गवताइतकाच तापू शकतो.

गंजी आत्ताच तापलेली असेल तर

सकाळच्या गारव्यात गंजीच्या माथ्यावरून वाफ निघताना दिसणे, ताडपत्रीच्या आतून पाणी ठिबकणे, करपल्यासारखा वास येणे किंवा माथा एका जागी खचणे, यांपैकी काहीही दिसले तर अंदाजावर न राहता तापमान मोजावे. टोकाला तापमापक असलेली लांब सळई मिळते. ती नसल्यास टोकदार, टोकाजवळ छिद्रे पाडलेली लोखंडी नळी गंजीत मध्यापर्यंत ठोकावी, दोरीला बांधलेला तापमापक आत सोडावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी वाचावा. नुसती लोखंडी सळई अर्धा तास खुपसून ठेवून बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल, तर आतले तापमान साधारण ६० अंशांच्या पुढे आहे असे समजावे.

५० अंशांच्या आत तापमान असेल आणि ते वाढत नसेल, तर रोज एकदा मोजत राहणे पुरते. ५५ अंशांच्या पुढे वाढत असेल आणि गंजी लहान असेल, तर ती याच टप्प्यावर फोडून पसरावी. ६५ अंशांच्या पुढे दर काही तासांनी मोजावे आणि जवळची जनावरे, यंत्रे व इंधन हलवावे. ७० अंश ओलांडले की गंजी स्वतःहून फोडू नये, अग्निशमन दलाला आधी बोलवावे. आत कोंडलेला, प्राणवायूवाचून धुमसणारा भाग उघडला की हवा मिळताच क्षणात भडका उडतो. नेहमीचे अपघात याच क्षणी होतात. पाणी मारण्याची तयारी उभी असल्याशिवाय एकही गठ्ठा काढू नये.

माथ्यावर चढून चालणे तर पूर्ण वर्ज्य मानावे. आतला पेंढा जळून पोकळी झालेली असते आणि वरचा थर मात्र धड दिसतो. माणूस त्यात सरळ आत जातो. चढण्याला पर्यायच नसेल, तर आडव्या लांब फळ्या टाकून, कमरेला दोर बांधून आणि दोर धरणारा दुसरा माणूस बाहेर ठेवूनच चढावे. धुमसणाऱ्या पेंढ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, म्हणून बंद कोठारात तापलेल्या गंजीजवळ एकट्याने थांबू नये.

मूळ प्रश्न : शेतातला ओलावा

दाणा कोरडा झाला म्हणजे काडीही वाळली, हा समज दरवर्षीच्या नुकसानीचे सर्वांत मोठे कारण आहे. गव्हाचा दाणा मळणीला योग्य झालेला असतो तेव्हा काडीचा खालचा भाग बऱ्याचदा हिरवट असतो. भाताची कापणी तर दाण्यात २० ते २४ टक्के ओलावा असतानाच केली जाते आणि त्या वेळी पेंढ्यात निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. असा पेंढा एका उन्हात वरून कडक होतो, पण काडीच्या पेरांमध्ये पाणी टिकून राहते, कारण पेर भरीव असते आणि दोन पेरांमधले कांडे पोकळ.

म्हणून तपासणी पेरांपासून सुरू करावी. ओळीच्या वरची काडी न घेता हात खाली घालून जमिनीला टेकलेली काडी ओढावी, तिचे सर्वांत खालचे पेर नखाने दाबावे. नख रुतले, पेरावर ओलसर खूण उमटली किंवा सोलल्यावर आत हिरवा रंग दिसला, तर तो पेंढा बांधण्याजोगा नाही. त्यानंतर अशाच खालच्या काड्यांची एक मूठ दोन्ही हातांत धरून तीन-चार पीळ द्यावेत. वाळलेल्या काड्या कडकड वाजून तुटतात. ओलसर काड्या चेपतात, वळतात आणि तंतूंनी जोडलेल्या राहतात. शेताच्या दहा-बारा वेगवेगळ्या जागी, विशेषतः सखल आणि सावलीच्या भागांत, ही तपासणी करावी आणि सरासरी न काढता सर्वांत ओल्या जागेचा निकाल मानावा, कारण गंजी सर्वांत ओल्या गठ्ठ्यापासूनच तापू लागते.

हाताच्या अंदाजाला आधार हवा असेल, तर मिठाची चाचणी सोपी आहे. पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत बारीक कापलेला पेंढा दोन मुठी भरावा, त्यात चमचाभर कोरडे, बारीक मीठ घालावे, झाकण लावून दोन-तीन मिनिटे हलवावे. मीठ मोकळे राहिले तर पेंढा साठवण्याजोगा आहे. गोळे झाले किंवा मीठ काचेला चिकटले, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ हवेतले पाणी ओढू लागते ते सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावर, आणि बुरशीला पोषक आर्द्रताही तिथूनच सुरू होते. म्हणून ही घरगुती वाटणारी चाचणी मला फार विश्वासाची वाटते.

नेमका आकडा हवा असल्यास १०० ग्रॅम पेंढा वजन करून मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये, कोपऱ्यात अर्धा पेला पाणी ठेवून, आधी दोन मिनिटे आणि मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या टप्प्यांनी वाळवावा व प्रत्येक वेळी वजन करावे. वजन घटायचे थांबले की जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के ओलावा. ८२ ग्रॅम उरले तर १८ टक्के. पेंढा करपला तर तो नमुना टाकून नवा घ्यावा. गठ्ठ्यात खुपसायचा ओलावामापक वापरत असल्यास लक्षात ठेवावे की त्याचा आकडा गठ्ठ्याच्या घट्टपणानुसार बदलतो, त्यामुळे एका गठ्ठ्याच्या एका जागेवरच्या आकड्याला अर्थ नसतो.

किती ओलावा चालेल हे बांधणीवर ठरते. हवा खेळेल असा मोकळा, सैल रचलेला पेंढा २० टक्क्यांच्या आसपास निभावून नेतो, हाताने उचलता येणाऱ्या लहान गठ्ठ्यांना १८ टक्क्यांच्या आत राहावे लागते आणि यंत्राने दाबून बांधलेल्या मोठ्या चौकोनी गठ्ठ्यांसाठी १५ टक्के ही मर्यादा मानावी. हाताने बांधणी सोडून मोठ्या यंत्राकडे वळल्यानंतर त्याच शेतातला, त्याच दिवसाचा पेंढा नासू लागला, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिचे उत्तर या आकड्यांत आहे. दहा टन पेंढा २५ टक्के ओलाव्यावर रचला, तर तो १५ टक्क्यांवर येण्यासाठी त्यातून जवळजवळ १,१८० लिटर पाणी बाहेर पडावे लागते. घट्ट बांधलेल्या, झाकलेल्या गंजीतून एवढे पाणी निघून जाण्याची वाटच नसते.

आता ओलावा कमी कसा करावा. कंबाईन हार्वेस्टरने मळणी केल्यास पाच-सहा मीटर रुंदीचा पेंढा मीटर-दीड मीटरच्या एका ओळीत पडतो, म्हणजे थर चार-पाच पट जाड होतो. अशी ओळ उंच धसकटांवर पडली, तर ती जमिनीपासून वर तरंगत राहते आणि खालून वारा फिरतो. जमिनीलगत कापणी केली, तर ओळ मातीवर बसते, तिची खालची बाजू कधीच वाळत नाही आणि काडीचा सर्वांत ओला, तळाचा भागही तिच्यात येतो. पेंढा थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण धसकट वीतभर ठेवावे, हा सल्ला मी आवर्जून देईन. तण जास्त असलेल्या पट्ट्यातला पेंढा वेगळा ठेवावा. ओळ एकदा उलटून सैल करावी, मात्र दात्यांची उंची अशी ठेवावी की माती आणि खडे त्यात येणार नाहीत.

वेळ हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. वाळलेला पेंढा हवेतले बाष्प पुन्हा शोषतो. रात्री आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत गेली, तर दुपारी उत्तम असलेल्या ओळीची वरची बाजू सकाळी मर्यादेबाहेर गेलेली असते. म्हणून दव पूर्ण उडाल्यावर बांधणी सुरू करावी आणि संध्याकाळी काडीचा कडकडाट मंदावला की थांबावे. उरलेले चार गठ्ठे आजच संपवू या, असे म्हणून बांधलेले गठ्ठेच पुढे गंजीत तपकिरी निघतात. तसे गठ्ठे बांधावेच लागले, तर त्यांवर खूण करून ते वेगळे, मोकळ्या हवेत ठेवावेत आणि आधी वापरावेत. बांधलेला पेंढा लगेच उंच न रचता चार-आठ दिवस कमी उंचीवर, मध्ये अंतर ठेवून राहू दिला, तर पेरांतले उरलेसुरले पाणीही बरेच निघून जाते.

कापणीनंतर पाऊस झाल्यास पेंढ्यातील विद्राव्य साखर आणि पालाश धुऊन जाते. चाऱ्याच्या दृष्टीने ते नुकसान आहे. पण बॉयलरमध्ये जाळण्यासाठी असा करडा पडलेला पेंढा जास्त पसंत केला जातो, कारण पालाश आणि क्लोरीन कमी झाल्याने राख वितळून भट्टीत चिकटण्याचे प्रमाण घटते. अर्थात तोही पूर्ण वाळवूनच साठवावा लागतो.

पाया, माथा आणि आच्छादन

जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी असावी. पायाला लाकडी चौकटी, जाड ओंडके किंवा दगडगोट्यांचा थर द्यावा, जेणेकरून पेंढा आणि जमीन यांच्यात हवेची पोकळी राहील. जमिनीवर फक्त प्लास्टिक अंथरल्यास खालची ओल अडते, पण वरून उतरलेले पाणी त्याच प्लास्टिकवर साचून तळ कुजतो, ही चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. जुन्या पेंढ्याचा थर पाया म्हणून वापरला तर चालतो, मात्र तो दरवर्षी पूर्ण काढून टाकावा.

माथा मध्यभागी उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असावा. गंजी रचल्यानंतर काही आठवड्यांत दबते आणि सपाट माथ्याचा खळगा होतो, म्हणून सुरुवातीलाच उतार जास्त ठेवावा व महिन्याभराने ताडपत्री पुन्हा ताणावी. ताडपत्री पेंढ्याला थेट चिकटू देऊ नये. माथ्यावर आडवे बांबू, नळ्या किंवा सैल पेंढ्याचा बळी द्यायचा एक थर ठेवून तिच्याखाली हवा फिरेल अशी जागा ठेवावी आणि दोन्ही टोकांना वाट उघडी राहू द्यावी. गंजी सर्व बाजूंनी जमिनीपर्यंत गुंडाळणे हे कोरड्या पेंढ्यालाही बाधते.

पहिले दोन आठवडे शक्य असेल, म्हणजे पावसाची चिन्हे नसतील, तेव्हा बाजू पूर्ण उघड्या ठेवाव्यात. गंजी इमारतींपासून आणि दुसऱ्या गंजीपासून निदान वीस मीटर दूर असावी, आणि सगळा पेंढा एकाच गंजीत न ठेवता दोन-तीन गंज्या कराव्यात, म्हणजे एक तापली तरी बाकीच्या वाचतात.

खराब झालेल्या पेंढ्याचे काय करावे

बुरशी लागलेला पेंढा उन्हात टाकून, झटकून पुन्हा चाऱ्यात मिसळण्याचा मोह टाळावा. उन्हाने बुरशी वाढायची थांबते, पण तिने तयार केलेली विषे आणि बीजाणू तसेच राहतात. ओल्या पेंढ्यावर वाढणाऱ्या स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीमुळे १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये मोठ्या प्रमाणावर घोडे दगावले होते, आणि ॲस्परजिलस बुरशीमुळे गाभण गाई गाभडतात. गोठ्यात अंथरण्यासाठीही असा पेंढा वापरू नये, कारण जनावर त्यावर तोंड ठेवूनच बसते आणि त्यातले चघळतेही.

माणसाच्या फुप्फुसांचा प्रश्न याहून दुर्लक्षित आहे. बुरसटलेला पेंढा हलवल्यावर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते; दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि साधी सर्दी समजून विषय संपतो. हा तापलेल्या पेंढ्यातल्या ॲक्टिनोमायसीट्सच्या बीजाणूंमुळे होणारा आजार असून इंग्लंडमधील डॉक्टर कॅम्पबेल यांनी १९३२ मध्ये शेतमजुरांमध्ये त्याचे वर्णन केले होते. वारंवार संपर्क आल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ लागतात. त्यामुळे असा पेंढा उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, पाणी शिंपडून आणि तोंडाला चांगला, घट्ट बसणारा मुखपट्टा लावूनच हलवावा. साधे फडके पुरत नाही. डॉक्टरांकडे जावे लागले, तर पेंढा हलवल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

खराब पेंढ्याचा योग्य उपयोग म्हणजे कंपोस्ट. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ८० ते १०० ला १ असते, तर सूक्ष्मजीवांना चांगले काम करण्यासाठी २५ ते ३० ला १ लागते. शेणखत, कोंबडीखत किंवा हिरवा पाला मिसळून हे अंतर भरून काढावे. तसे काही नसेल, तर एक टन पेंढ्यामागे सुमारे ८ किलो नत्र, म्हणजे साधारण १७ किलो युरिया पाण्यात विरघळवून थराथरांवर शिंपडावा. ढिगाचा ओलावा ५० ते ६० टक्के ठेवावा, म्हणजे मुठीत घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. ढीग मीटरभर तरी उंच, रुंद असावा आणि आत उष्णता चढून उतरू लागली की खालीवर करावा. गंजीत जी उष्णता शत्रू असते, तिच्यामुळेच इथे तणाचे बी आणि रोगजंतू मरतात.

एक खबरदारी मात्र घ्यावी. ज्या पिकावर अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड ही तणनाशके वापरली होती, त्याचा पेंढा भाजीपाल्याच्या कंपोस्टमध्ये किंवा आच्छादनासाठी वापरू नये. ही द्रव्ये काडीत टिकून राहतात, जनावराच्या पोटातून शेणातही उतरतात, आणि टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांची पाने त्यामुळे आक्रसून वळतात. शंका असेल तर त्या कंपोस्टच्या कुंडीत घेवड्याचे चार दाणे लावून पाहावेत.

पेंढा वाळवणे शक्यच नसेल तर

काही हंगामांत ऊनच मिळत नाही. अशा वेळी ओला पेंढा जबरदस्तीने साठवण्यापेक्षा दुसरा मार्ग धरणे कमी नुकसानीचे ठरते. पेंढा रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी हवा असेल आणि त्याला अजून बुरशी लागलेली नसेल, तर युरियाची प्रक्रिया करता येते. नेहमीच्या, वाळलेल्या १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडतात, दाबून रचतात आणि प्लास्टिकने हवाबंद करून उबदार हवेत तीन आठवडे ठेवतात. त्यातून निघणारा अमोनिया बुरशी रोखतो, काडीची घट्ट वीण सैल करतो आणि पेंढ्यातील नत्र वाढवतो.

पेंढाच ३० टक्के ओला असेल, तर हे प्रमाण जसेच्या तसे वापरू नये. त्याच्या १०० किलोंत कोरडा भाग ७० किलोच असतो, त्यामुळे सुमारे ३ किलो युरिया आणि १७ लिटर पाणी पुरते. ढीग उघडल्यावर एक दिवस वारा लागू द्यावा, डोळे झोंबवणारा वास ओसरल्यावर थोड्या थोड्या प्रमाणात चारा सुरू करावा. सहा महिन्यांखालील वासरांना आणि घोड्यांना तो देऊ नये. द्रावण शिंपडताना खळगे करून एका जागी साचू देऊ नये आणि युरियाची पोती व द्रावणाची भांडी जनावरांच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवावीत, कारण सरळ युरिया पोटात गेल्यास जनावर मरते.

चाऱ्याची गरज नसेल, तर पेंढा शेतातच बारीक करून समप्रमाणात पसरावा आणि मातीत वरच्या थरात मिसळावा. भाताच्या एक टन पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र आणि १२ ते १७ किलो पालाश असते; तो जाळला तर नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. पेंढा गाडल्यानंतर पुढचे पीक पिवळे पडते, ही तक्रार खरी आहे, पण तिचे कारण पेंढ्यात विष असणे हे नसून सूक्ष्मजीवांनी मातीतले नत्र काही काळ आपल्याकडे ओढून घेणे हे आहे. पेरणीआधी तीन-चार आठवड्यांचे अंतर ठेवावे आणि अंतर मिळत नसेल तर पेरणीबरोबरचा नत्राचा हप्ता वाढवावा. पाणी भरलेल्या खाचरात ताजा पेंढा गाडून लगेच लावणी केल्यास हवा न मिळाल्याने सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि कोवळ्या मुळांना इजा होते, म्हणून तिथे पेंढा कोरड्या जमिनीतच मिसळून कुजू द्यावा.

पुढच्या हंगामात गंजी रचताना प्रत्येक थर शेताच्या कोणत्या भागातला आहे, तो कोणत्या वेळी बांधला आणि त्याचा ओलावा किती होता, एवढी नोंद वहीत करून ठेवावी आणि पहिले सहा आठवडे ठरावीक दोन-तीन जागी तापमान मोजून त्याच पानावर लिहीत जावे. गंजी फोडताना उभा छेद घेतला की ही नोंद आणि खराब थर एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.